प्रकाशाची वांकडी वाट

नाशकाहून दिंडोरीकडे येणारा रस्ता आपणांपैकीं अनेकांच्या परिचयाचा असेल. चैत्र-वैशाखाच्या भर दुपारीं या रस्त्यानें निघालें म्हणजे एक चमत्कार हटकून दृष्टीस पडतो. दूरवर डांबरावर पाणी सांचल्यासारखें दिसतें. समोरून येणाऱ्या गाडीचें प्रतिबिंबही त्यांत हालत असतें. आपण जवळ जावें, तों तें पाणी तितकेंच पुढें सरकतें, आणि अखेर रस्ता कोरडा ठणठणीत निघतो. यालाच आपण मृगजळ म्हणतों, आणि फसवणुकीचा दाखला द्यावयाचा झाला म्हणजे त्याचेंच नांव घेतों.

परंतु न्यायानें पाहिलें तर मृगजळावर हा आरोप करतां येणार नाहीं. तेथें जें चकाकतांना दिसतें तो आकाशाचाच खरा प्रकाश असतो. आकाशांतून खालीं उतरलेला किरण तापलेल्या रस्त्यालगतच्या विरळ हवेंत शिरतो, हळूहळू वांकतो, आणि जमिनीस न शिवतां पुन्हां वर उचलला जाऊन आपल्या डोळ्यांत येतो. किरण खरा, प्रकाशही खरा. चुकतो तो आपला समज. प्रकाश नेहमीं सरळच येतो असें आपण गृहीत धरलेलें असतें, म्हणून आकाश आपणांस जमिनीवर दिसतें.

प्रकाशाची ही वांकडी वाट मनुष्याला कशी कळली, ती वळविण्याची विद्या त्याच्या हातीं कशी आली, आणि या कामांत आपल्या महाराष्ट्राचा व मराठी माणसांचा वांटा कोणता, याची हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे. ही हकीगत एका वाक्यांत सांगावयाची तर अशी: प्रकाशाला वळवावयाचें असेल तर प्रकाशाशीं झटापट करूं नये, त्याच्या पायाखालची भूमि घडवावी.

प्रथम 'सरळ' या शब्दाचाच विचार करूं. दिंडोरीहून वणीकडे जाऊं लागलें म्हणजे समोर सातमाळ्याची रांग उभी राहते. नकाशावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढणें सोपें आहे. पण त्या रेघेनें डोंगर ओलांडण्याच्या भरीस कोणी शहाणा पडत नाहीं. गुराखी, यात्रेकरू आणि सैन्यें यांच्या वाटा खिंडींतून व उतारांवरून वळसे घेत जातात. १६७० च्या ऑक्टोबर महिन्यांत सुरतेहून परततांना शिवाजी महाराजांची मोंगल सरदार दाऊदखानाशीं याच वणी-दिंडोरीच्या परिसरांत लढाई झाली. सुरतेहून बागलाणांत आणि तेथून येथवर येणारी ती वाट महाराजांनीं पट्टीनें आंखलेली नव्हती. ती सह्याद्रीनें आंखून ठेविलेली होती. डोंगराळ मुलुखांत जवळची वाट आणि सरळ वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें आपल्या पूर्वजांस पुस्तक न उघडतांही ठाऊक होतें.

प्रकाशाच्या बाबतींत हाच विचार फ्रान्समधील तुलूज येथील पिएर द फेर्मा या न्यायाधीशानें १६६२ सालीं मांडला. प्रकाश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जातांना अंतर वांचवीत नाहीं, वेळ वांचवितो, असा त्याचा ढोबळ आशय. नांगरलेल्या काळ्या रानांतून चालणारा मनुष्य थोडा वळसा घेऊन कां होईना पण टणक पायवाट गांठतो, तसा प्रकाश पाण्याच्या व कांचेच्या दाट प्रदेशांतून थोडें चालतो आणि हवेच्या मोकळ्या प्रदेशांतून अधिक चालतो. पाण्यांत प्रकाशाचा वेग सुमारें पाऊणपट होतो, साध्या कांचेंत दोन-तृतीयांश. रस्त्यालगतची तापलेली हवा विरळ, म्हणून तेथें तो किंचित् वेगानें धांवतो. आणि या किंचित् लाभासाठीं तो खालीं झुकून पुन्हां वर येतो. हेंच आपलें मृगजळ.

आतां दिंडोरीहून थेट विदर्भांत चला. वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें विल्यम लॅम्बटन नांवाच्या एका इंग्रज सेनाधिकाऱ्याची कबर आहे. १८०२ च्या एप्रिल महिन्यांत मद्रासेजवळ त्यानें हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, आणि २० जानेवारी १८२३ रोजीं हैदराबादेहून नागपुराकडे जात असतां हिंगणघाटच्या मुक्कामीं त्यानें देह ठेविला. वीस वर्षें तो सुमारें अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र डोंगरांवर, देवळांच्या शिखरांवर आणि किल्ल्यांच्या बुरुजांवर चढवीत राहिला. ही मोजणी परक्या राज्यकर्त्यांच्या सोयीसाठीं होती, हें खरें. करवसुली आणि लष्कर यांना नकाशे हवेच होते. परंतु लॅम्बटनला स्वतःला ध्यास लागला होता तो निराळाच: पृथ्वीच्या गोलाईचा नेमका आकार काय?

या मोजणींत दोन प्रकारचें वांकडेपण हिशेबांत धरावें लागे. पहिलें भूमीचें. शाळेंत आपण शिकतों कीं त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश भरते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर तीन दूरच्या टेकड्या घेऊन त्रिकोण मोजला तर बेरीज किंचित् जास्त येते. त्रिकोणाचें क्षेत्र सुमारें २०० चौरस किलोमीटर असेल तर ही वाढ एक विकला, म्हणजे अंशाचा छत्तीसशेंवा भाग, इतकी असते. दुसरें वांकडेपण किरणाचें. दूरच्या टेकडीवरील खुणेचा प्रकाश वातावरणाच्या कमीअधिक दाट थरांतून येतांना पृथ्वीच्या गोलाईच्या सुमारें एक-सप्तमांश इतका वांकतो, आणि टेकडी आहे त्याहून उंच भासते. लॅम्बटनच्या पश्चात् काम चालविणाऱ्यांनीं दिवसां आरशांनीं सूर्यकिरण फेंकून आणि रात्रीं दिवे लावून निरीक्षणें केलीं. हिमालयाच्या ज्या शिखराची उंची राधानाथ सिकदार यांनीं १८५२ सालीं गणितानें काढली, ती २९,००२ फुटांची संख्या या दुहेरी वांकडेपणाचा हिशेब चुकविल्यावांचून कधींच हातीं आली नसती.

भूमीचें वांकडेपण आणि किरणाचें वांकडेपण त्या मोजणीदारांच्या वहींत शेजारशेजारच्या दोन रकान्यांत मांडलेले होते. त्या रकान्यांचें मुळांत एकच नातें आहे, हें मात्र त्यांच्या स्वप्नांतही नव्हतें. तें नातें पुढें जर्मनींत जुळावयाचें होतें.

कार्ल फ्रीडरिश गाउस हा थोर गणिती स्वतः हॅनोव्हर राज्याची मोजणी करीत होता. १८२७ सालीं त्यानें असें सिद्ध केलें कीं एखाद्या पृष्ठाचें वक्रपण जाणण्यास त्या पृष्ठाबाहेर जाऊन उभें राहण्याची गरज नाहीं. पृष्ठावरच अंतरें मोजून तें ओळखतां येतें. कागदाची सुरळी केली तरी त्यावर काढलेल्या त्रिकोणाच्या कोनांत फरक पडत नाहीं, कारण कागद ताणला गेलेला नसतो. संत्र्याची साल मात्र कितीही दाबली तरी फाटल्यावांचून सपाट होत नाहीं. गाउसचा विद्यार्थी बर्नहार्ड रीमान यानें १० जून १८५४ रोजीं गोटिंगेन येथील व्याख्यानांत हाच विचार पृष्ठावरून उचलून अवकाशास लावला. ज्यांत आपण राहतों तें अवकाशच वक्र असूं शकेल, आणि तें आपणांस आंतून मोजून कळेल! त्या काळीं या विचाराचा व्यवहारांत उपयोग काय, असें कोणी विचारलें असतें तर उत्तर देतां येणें कठीण होतें.

उत्तर आलें एकसष्ट वर्षांनीं. १९१५ सालीं आल्बर्ट आइन्स्टाइन यानें गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत पुरा केला आणि सांगितलें कीं जड वस्तूमुळें अवकाश व काळ यांची घडणच वांकते; ग्रह आणि प्रकाश त्या वांकलेल्या भूमीवरील आपापल्या स्वाभाविक वाटेनें जातात. सूर्याच्या कडेस चाटून येणारा ताऱ्याचा किरण पावणेदोन विकला वांकला पाहिजे, असें त्याचें गणित होतें. एका अंशाचे दोन हजार भाग करावे आणि त्यांतील साधारण एक घ्यावा, इतकेंच हें वळण. याआधीं १९११ सालीं त्यानें हाच आंकडा याच्या निम्मा काढला होता. तो पडताळून पाहण्यासाठीं १९१४ च्या सूर्यग्रहणास क्रिमियांत गेलेल्या जर्मन ज्योतिष्यांस महायुद्ध पेटल्यामुळें निरीक्षण करतांच आलें नाहीं. आइन्स्टाइनच्या दृष्टीनें हा अपघात भाग्याचाच म्हणावयाचा. नाहींतर त्याचा चुकलेला आंकडाच जगापुढें आला असता. अखेर २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणांत आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर एडिंग्टन व कॉटिंगहॅम यांनीं, आणि ब्राझीलमधील सोब्राल येथें क्रॉमेलिन व डेव्हिडसन यांनीं छायाचित्रें घेतलीं. ६ नोव्हेंबर रोजीं लंडनमध्यें निकाल जाहीर झाला: किरण वांकतो, आणि नव्या गणिताप्रमाणें वांकतो.

या बातमीनें युरोपाइतकेंच हिंदुस्थानही हालून गेलें. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या दोन तरुण अध्यापकांनीं सापेक्षतेवरील मूळ जर्मन निबंधांचें इंग्रजी भाषांतर केलें, आणि कलकत्ता विद्यापीठानें तें १९२० सालीं छापलें. त्याच वर्षीं एडिंग्टननें आपल्या ग्रंथांत एक मार्मिक गोष्ट नोंदविली. सूर्याभोंवतीं अवकाश वांकलें आहे असें न म्हणतां, सूर्याभोंवतीं एक पारदर्शक पदार्थ पसरला आहे आणि तो सूर्याजवळ अधिक दाट होत गेला आहे असें समजलें, तरी किरणाचें वळण तेंच निघेल. पुढें १९२३ सालीं वॉल्टर गॉर्डन यानें याच्या उलट बाजूचें गणित मांडलें: पारदर्शक पदार्थांतील प्रकाशाचें वर्तन हें जणूं वक्र अवकाशांतील वर्तन आहे असें मानून लिहितां येतें. मोजणीदारांच्या वहींतील दोन रकाने येथें एकत्र मिळाले. वक्र भूमि आणि बदलती दाटी या प्रकाशाच्या दृष्टीनें एकाच गोष्टीच्या दोन भाषा ठरल्या.

येथून कथा बनारसेस जाते, आणि तीही एका मराठी माणसाच्या मागोमाग. विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ सालीं कोल्हापुरांत झाला. मुंबईस आणि केंब्रिजला अध्ययन करून, पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बोलावण्यावरून, १९३२ सालीं ऐन तारुण्यांत ते बनारस हिंदु विद्यापीठांत गणिताचे प्रमुख झाले. वक्र अवकाशाचें गणित शिकविणारीं ठिकाणें त्या वेळीं सबंध देशांत बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. नारळीकरांनीं तेथें नुसते विद्यार्थी घडविले नाहींत. एक परंपरा घडविली.

१९४२ सालीं प्रल्हाद चुनीलाल वैद्य नांवाचे एक तरुण गुजराती अध्यापक त्यांच्याकडे आले. नोकरी नाहीं, शिष्यवृत्ति नाहीं; पदरच्या शिलकीवर सुमारें दहा महिने काढावयाचे आणि तेवढ्यांत कांहीं शिकून घ्यावयाचें, असा त्यांचा बेत. बाहेर महायुद्ध पेटलेलें, देशांत चळवळीचा वणवा. अशा वेळीं गुरूनें शिष्यापुढें एक प्रश्न ठेविला. तोंवरचीं गणितें न झळकणाऱ्या, अंधाऱ्या ताऱ्याभोंवतालच्या अवकाशाचीं होतीं. परंतु खरे तारे प्रकाश ओतीत असतात, आणि प्रकाशाबरोबर त्यांचें वस्तुमानही झिजत असतें. अशा ताऱ्याभोंवतालची भूमिति कशी असेल? वैद्यांनीं हें गणित सोडविलें आणि तें १९४३ सालीं बंगलोरच्या 'करंट सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. आज जगभरचे शास्त्रज्ञ त्याला वैद्यांच्याच नांवानें ओळखतात. या गणिताचा भावार्थ आपल्या विषयास फार जवळचा आहे: प्रकाश हा केवळ वाटसरू नव्हे, तो ज्या भूमीवरून चालतो ती भूमिही त्याच्या चालण्यानें बदलते.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर १९३८ सालीं कोल्हापुरांत जन्मले, बनारसेस वाढले, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले, आणि १९७२ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत परतले. १९७९ सालीं आकाशांत प्रथमच असें आढळलें कीं सहा विकलांच्या अंतरावर दिसणारे दोन तेजोबिंदु हे वस्तुतः एकाच दूरच्या क्वासारचे आहेत. मधल्या दीर्घिकेनें वांकविलेला प्रकाश दोन वाटांनीं येऊन एकाचे दोन दाखवीत आहे. आकाशच भिंग झालें होतें. अशा गुरुत्वीय भिंगांवर मुंबईंत जयंतराव आणि शशिकुमार चित्रे यांनीं काम केलें. पुढें १९८८ सालीं पुण्यास आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र केंद्र स्थापन झालें तें जयंतरावांच्या नेतृत्वाखालीं. नाशिककरांस त्यांचें आणखी एक नातें आठवेल: २०२१ सालीं नाशकास भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं त्यांचीच निवड झाली होती. २० मे २०२५ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें.

हें झालें आकाशांतील वळण; तें सूर्याचें आणि दीर्घिकांचें काम. मनुष्यानें आपल्या हातानें प्रकाश कसा वळविला, तें पाहण्यापूर्वीं क्षणभर विजापुरास जाऊं. ज्या आदिलशाहींत शहाजीराजांनीं चाकरी केली, त्या दरबारचा सुलतान महंमद आदिलशहा १६५६ सालीं वारला, आणि त्याची कबर म्हणजे तो जगप्रसिद्ध गोल घुमट. आंतून सुमारें ३८ मीटर रुंद असलेल्या त्या घुमटाच्या सज्जांत भिंतीशीं तोंड नेऊन कोणी कुजबुजलें, तर समोरच्या टोंकास भिंतीशीं कान लावून बसलेल्या माणसास तें स्पष्ट ऐकूं येतें. ध्वनि मधल्या पोकळींत विरून न जातां गोल भिंतीस बिलगून सरकत जातो. लंडनच्या सेंट पॉल देवळांतील अशाच सज्जाची उपपत्ति लॉर्ड रॅले यांनीं १९१० सालीं दिली. १९२१ सालीं आपले चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेस गेले असतां त्यांनीं त्याच देवळांत प्रयोग करून पाहिले, आणि पुढच्या वर्षीं अशा कुजबुजत्या सज्जांवर स्वतंत्र निबंध लिहिला.

जें ध्वनीस शक्य तें प्रकाशास कां नाहीं? प्रकाशाचा घुमट मात्र फार लहान हवा, कारण त्याची लहर मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. १९६१ सालीं स्फटिकाच्या एका बारीक गोळींत असा बिलगून फिरणारा लेसरप्रकाश प्रथम दाखविला गेला. आज कांचेच्या सूक्ष्म गोळ्यांत आणि कड्यांत प्रकाश लाखों फेऱ्या घालतो. कड्याचा परीघ ज्या लहरीच्या मापांत बरोबर बसतो तीच लहर आंत टिकते. म्हणून अनेक रंगांतून नेमका एक रंग निवडण्यास अशीं कडीं वापरतात. विजापूरच्या गवंड्यांनीं चुन्याविटांत केलेली करामत आज कांचेच्या कणांत उतरली आहे.

प्रकाशाला नळांत घालून नेण्याची कल्पनाही जुनीच. जिनीव्हा येथें डॅनियल कोलाडन यानें १८४१ सालीं पाण्याच्या वांकत पडणाऱ्या धारेंतून प्रकाश नेऊन दाखविला. १९५४ सालीं, पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं आपले गुरु हॉपकिन्स यांच्यासह कांचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र नेऊन दाखविलें. १९६६ सालीं चार्ल्स काव यांनीं सांगितलें कीं कांच पुरेशी शुद्ध केली तर तींतून संदेश कोसच्या कोस जातील. आज आपल्या खेड्यापाड्यांतील दूरध्वनीचे संदेश अशाच तंतूंतून वाहत असतात.

परंतु प्रत्येक वळणावर कर भरावा लागतो. तंतू हळुवार वळविला तर प्रकाश आंत राहतो; एकदम मुरडला तर तो बाहेर सांडतो. केंसाहून कितीतरी पटींनीं बारीक प्रकाशवाहिन्या सिलिकॉनच्या चकतीवर कोरावयाच्या, आणि त्यांत प्रकाश फांकूं न देतां वळवावयाचा, थांबवावयाचा, एकवटावयाचा, ही आजच्या यंत्रविद्येची खरी अडचण आहे. आणि नेमक्या या अडचणींत रीमान व आइन्स्टाइन यांची निरुपयोगी वाटणारी भूमिति कामास आली.

२००६ सालीं ब्रिटनमधील उल्फ लिओनहार्ट आणि जॉन पेंड्री यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, एकाच वेळीं ही युक्ति मांडली. प्रथम मनांत असें अवकाश कल्पावें कीं ज्यांत प्रकाशाची हवी ती वाट हीच स्वाभाविक वाट असेल. मग त्या वक्र अवकाशाचें भाषांतर पदार्थाच्या दाटींत करावें, आणि तसा पदार्थ कणाकणानें रचावा. एडिंग्टनची टीप आतां कारागिराच्या हातांतील नकाशा झाली. त्याच वर्षीं अमेरिकेंत एका धातूच्या वस्तूभोंवतीं सूक्ष्मतरंगांस वळसा घालावयास लावून ती वस्तु बरीचशी दृष्टीआड केली गेली. २०१३ सालीं चीनमधील नानजिंग येथें एका सूक्ष्म गोळीभोंवतीं पारदर्शक थराची जाडी क्रमानें बदलत ठेवून, ताऱ्याजवळून जाणाऱ्या किरणासारखा प्रकाश वांकविला गेला. फार जवळ आलेला किरण तर गोळीनें धरूनच ठेवला.

दुसऱ्या एका शाखेनें यापेक्षांही सरळ मार्ग धरिला. दाटी बदलावयाची कशाला? पृष्ठच वक्र करावें, आणि प्रकाशास त्याच्या पातळ थरांत कोंडून चालूं द्यावें. २०१० सालीं जर्मन संशोधकांनीं कांचेच्या वक्र पृष्ठांवर प्रकाशझोत फिरवून पाहिले. उत्तर ध्रुवावरून निघालेल्या रेखावृत्तांच्या रेषा विषुववृत्तावर दूर जातात आणि दक्षिण ध्रुवावर पुन्हां मिळतात, तसा गोलासारख्या पृष्ठावर पसरणारा झोत आपणहून एकवटतो; घोड्याच्या खोगिरासारख्या पृष्ठावर तो सपाट भूमीपेक्षांही जलद पसरतो. भिंग नाहीं, आरसा नाहीं. केवळ भूमीचा आकार. २०१७ सालीं इस्रायलमधील टेक्नियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं, कार्ल श्वार्त्सशिल्ड यानें ताऱ्याभोंवतालच्या अवकाशासाठीं काढलेल्या सूत्रावरून स्फूर्ति घेऊन, अशाच सूक्ष्म वक्र प्रकाशवाहिन्या बनविल्या आणि त्यांतील प्रकाशाचा फैलाव व वेग आकारानेंच ताब्यांत ठेवतां येतो हें दाखविलें. महायुद्धाच्या आघाडीवर असतां श्वार्त्सशिल्डनें त्या सूत्राची जुळणी केली, आणि १९१६ सालीं तो आजारानें वारला. शंभर वर्षांनीं तें सूत्र कांचेंत उतरलें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. कांचेंतील हें वक्र अवकाश म्हणजे खरें गुरुत्वाकर्षण नव्हे. त्याच्याजवळ दगड ठेविला तर तो ओढला जाणार नाहीं. भुलतो तो फक्त प्रकाश. नाटकांतला राजा सिंहासनावर बसतो म्हणून त्याला राज्य मिळत नाहीं. तरीही चांगल्या नाटकांतून राजधर्म शिकतां येतो. तसेंच जें ताऱ्याजवळ जाऊन पाहतां येत नाहीं, त्याचें कांहीं अंशीं आकलन या कांचेच्या नाटकांतून होतें.

खऱ्या वक्रतेची गांठ मात्र आतां मराठवाड्यांत पडणार आहे. हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथें गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अशा वेधशाळेस काटकोनांत दोन भुजा असतात, प्रत्येक ४ किलोमीटर लांब. त्यांतील निर्वात नळ्यांतून लेसरप्रकाश आरशांवरून शेंकडों वेळां मागेंपुढें धांवतो. दूर कोठें दोन कृष्णविवरें एकमेकांत विलीन झालीं कीं अवकाशच क्षणभर ताणलें व आंखडलें जातें, आणि भुजांच्या लांबींत प्रोटॉनच्या हजारों पटींनीं सूक्ष्म असा फरक पडतो. अमेरिकेंतील अशा दोन यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर टिपली. गोंगाटांतून ती अचूक निवडण्याच्या गणिताचा मोठा भाग पुण्याच्या केंद्रांत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुष्कळ आधीं तयार करून ठेविला होता. आणि गंमत अशी, कीं ४ किलोमीटर अंतरांत पृथ्वीची पाठ एक मीटराहून अधिक खालीं वळते. म्हणून नळी खरोखर सरळ ठेवण्यास बांधकाम करणारास भूमीची ती गोलाई हिशेबांत धरावी लागते. हिंगणघाटीं देह ठेवणाऱ्या लॅम्बटनचा रकाना पुन्हां उघडावा लागतो तो असा!

औंढ्याचें नांव निघालें कीं वारकऱ्यास एकच कथा आठवते. नामदेवराय नागनाथापुढें कीर्तन करीत असतां पुजाऱ्यांनीं त्यांस देवळामागें पाठविलें, आणि मग देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झालें. त्या कथेचा अर्थ भक्तीचा आहे. तिला शास्त्राची साक्ष काढावयास लावणें उचित नव्हे. परंतु आपल्या लोकमनानें शतकांपूर्वीं जें चित्र पाहिलें तें मनांत भरल्याशिवाय राहत नाहीं. भक्तास जागेवरून हालविलें नाहीं; भोंवतालचें स्थळच फिरलें.

श्रोतेहो, कागदावरील भूमिति ही शिकल्यासवरल्यांची हौस आहे, असें आपल्याकडे पुष्कळदां म्हटलें जातें. पोटापाण्यास तिचा काय उपयोग, असा प्रश्न दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या मुलानें विचारला तर तो अनुचित नाहीं. त्याला उत्तर द्यावयाचें तें त्याच्याच बापाच्या शेतांत उभें राहून द्यावें. पाटकरी पाणी ढकलीत नाहीं. कुदळीनें चार बोटें माती काढून तो उतार करून देतो, आणि पाणी आपणहून हव्या त्या वाफ्यांत जातें. रीमाननें उताराचें गणित केलें, बनारसेंत दहा महिन्यांच्या शिलकीवर एका तरुणानें त्यांत भर घातली, आणि आज कांचेच्या कणांत त्याच उतारानें प्रकाश वाहत आहे. गणित करणारापैकीं कोणासही शेवटचा वाफा दिसला नव्हता. मात्र ज्यानें त्यानें आपल्या वांट्याचा पाट नीट खणला होता. त्या मुलानें औंढ्याच्या वेधशाळेंत उद्यां आपल्या वांट्याचा पाट खणावा, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.